माग वाढले, हात तेवढेच



उस्मानशाही गिरणी बंद पडलेली या नांदेडने पाहिली आहे. आज नांदेड-लातूरची मुले पुण्यात संगणकाचे प्रोग्रॅम लिहितात आणि विचारतात, ‘काका, कोपायलट घ्यावा, कर्सर की क्लॉड कोड?’

२०२१ साली आलेला कोपायलट पुढची ओळ सुचवीत असे. आजची साधने अख्खे काम करून आणतात. म्हणजे एका माणसामागे माग वाढले. १९२८ साली मुंबईत दोनांऐवजी तीन माग माथी येऊ लागले, तेव्हा कामगारांनी संप केला. त्यांचे वैर मागाशी नव्हते.

म्हणून ज्या साधनाचे काम तुम्हांला वाचून पारखता येते, तेच घ्या. चुकीचा जाब तुम्हांलाच विचारतील. तेव्हा तपासणीचे तास हे कामाचेच तास, एवढे मालकाकडून आधी लिहून घ्या!