घरच्या बाजरीची नानकटाई



वैजापूर, गंगापूर, पैठण या आपल्या भागात बाजरी घरची. पण लेकरांच्या हातात काय असतं? दुकानातला मैद्याचा बिस्किटपुडा. बाजरी विकायची अन् मैदा विकत आणायचा, हा व्यवहार मला काही पटत नाही. म्हणून आज घरच्या पिठाच्या नानकटाईविषयी सांगतो.

पीठ बदललं की कृतीही बदलते, हे आधी ध्यानात घ्या. गव्हात ग्लुटेन नावाचा चिवट पदार्थ तयार होतो. मळल्यावर त्याची जाळी बनते, तिच्यात हवा धरली जाते आणि पाव फुगतो. ज्वारी-बाजरीत हे होत नाही, म्हणून तर भाकरीला आपण गरम पाणी घेतो. तेव्हा नुसत्या बाजरीचा पाव करायला जाऊ नका, तो फुगायचा नाही. नानकटाईला मात्र खुसखुशीतपणा हवा, तिथं चिवटपणा नसलेलाच बरा.

मी पहिल्यांदा सगळी बाजरीचीच केली. उचलताना भुगा झाला, वर चव कडवट. पीठ महिन्याचं जुनं होतं! बाजरीत सुमारे ५ टक्के स्निग्धांश असतो, गव्हाच्या दुपटीहून अधिक. दळल्यावर तो लवकर खवट होतो. म्हणून साठवायचे ते दाणे. पीठ आठवड्यापुरतंच दळा.

दीड वाटी बाजरीचं पीठ मंद आचेवर ४-५ मिनिटं भाजून गार करा. त्यात अर्धी वाटी कणीक, चिमूटभर खायचा सोडा अन् वेलदोडा मिसळा. पाऊण वाटी तूप आणि १ वाटी पिठीसाखर हलकी होईस्तोवर फेसून त्यात हे पीठ घाला. गोळा अर्धा तास झाकून ठेवा. कोरडा वाटला तर चमचाभर दूध पुरे. ज्वारीलाही हेच प्रमाण चालतं.

भट्टी नसली तरी अडत नाही. जुन्या जाड पातेल्यात दोन बोटं मीठ पसरा, झाकून १० मिनिटं तापवा. आत कडं ठेवून त्यावर तूप लावलेली ताटली ठेवा. मंद आचेवर साधारण २० मिनिटं लागतात. गरम असताना नानकटाई मऊच लागते. कच्ची समजून पुन्हा भाजू नका आणि गार होईपर्यंत हात लावू नका.

पेरणीच्या वेळी आणखी एक विचार करा. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या एएचबी १२०० या बाजरीत किलोमागे सुमारे ७३ मिलिग्रॅम लोह असतं. वाण संकरित आहे, तेव्हा घरचं बी धरू नका, दरवर्षी नवं घ्या.

आणि हो, नानकटाई पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. आठ दिवसांत संपवा. लेकरं घरात असली तर तितकी टिकायची नाही.