पंप चालू आहे म्हणून निजू नका

अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरची मंडळी आणि रसिकहो,

रसिक म्हणालो खरा, पण काल याच मांडवात ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झालं आणि आज बोटीच्या तळातलं घाण पाणी, तेव्हा पुढच्या दोन रांगांत चलबिचल दिसतेय. पत्रिकेवर विषय छापलाय तो असा : ‘बोटीचा स्वयंचलित बिल्ज पंप स्विच : निवड आणि जोडणी’. विषय मीच सुचवला होता, संयोजकांना बोल लावू नका. (हशा)

बिल्ज म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. मागे मिरकरवाड्याची मंडळी बसली आहेत, त्यांच्या पायांना ते रोज लागतं. पुढच्यांनी एवढंच धरून चालावं की बोटीत पाणी येतंच. शाफ्टच्या ग्लँडमधून येतं, फळ्यांच्या सांध्यांतून येतं, डेक धुतल्याचं येतं, पावसाचं येतं. ते उपसायला बॅटरीवरचा पंप, आणि पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणारा स्विच. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट उलटा केला की झालं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वेळ कमी पडला तरी चिंता नाही. हा स्विच बोट वाचवत नाही. तो फक्त वेळ मिळवून देतो, आणि त्या वेळात कुणा माणसाला कळलं पाहिजे. ज्या बोटीत स्विच आहे पण घंटा नाही, त्या बोटीत स्विच नसता तर बरं, इथपर्यंत मी जातो. (मागून : ‘आमच्यात खलाशीच घंटा!’) हो, आणि शिमग्यात ती घंटा कुठे असते तेही मला ठाऊक आहे. (मोठा हशा)

हशा झाला, आता हिशेब. पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर एक इंची भोक पडलं, म्हणजे इंजिनकडे जाणारी एखादी नळी निसटली, तर मिनिटाला साठ ते शंभर लीटर पाणी आत येतं. पंपाच्या खोक्यावर ‘५००’ लिहिलेलं असतं. ते अमेरिकी गॅलन, म्हणजे तासाला साधारण १,९०० लीटर. मिनिटाला ३२ सुद्धा नाहीत! तेही पाणी वर चढवायचं नसेल आणि बॅटरी भरलेली असेल तर. चार फूट उंच नळी, लांबलचक बारीक वायर, की उरलं निम्मं. मोठा पंप घ्या, जरूर घ्या. तो चार अँपिअर ओढतो. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर पंचवीस तास पुरेल, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्यावर रडायला लागते.

आणि पाऊस! दहा मीटर लांब, तीन मीटर रुंद डेक धरा. त्यावर चार इंच पाऊस म्हणजे तीन हजार लीटर. रत्नागिरीत चार इंच पाऊस एका दिवसात पडला तर आपण छत्री शोधतो, बातमी करत नाही. त्यातलं थोडंसंच खाली झिरपलं तरी पुरे.

मालवणकडची एक पर्यटकांची बोट सांगतो. नाव-गाव विचारू नका. खाडीत नांगरलेली, मालक गावाहून अधूनमधून फेरी मारणारा. पंप थोड्या थोड्या वेळानं चालू होत होता, बाजूच्या भोकातून पाण्याची धार पडत होती. शेजारच्या बोटीवरचे लोक रोज ती धार बघायचे आणि म्हणायचे, किती झकास व्यवस्था आहे! एका सकाळी धार नव्हती. लोकांना वाटलं, गळती थांबली. थांबली होती बॅटरी. दुपारच्या ओहोटीला बोट तळावर बसलेली दिसली. ग्लँडची दोरी झिजली होती, एवढंच. स्विच नसता तर मालकाला पहिल्या फेरीलाच पाणी दिसलं असतं. स्विचनं ते आठवडाभर लपवलं.

यावरून एक आठवतं, विषयाला सोडून आहे, पण सांगतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूजचा राजा हिएरॉन यानं एक अवाढव्य जहाज बांधलं, सिराक्यूसिया. वर बागा, स्नानगृह, वाचनालय सगळं होतं म्हणतात. तिच्या तळाचं पाणी एकटा माणूस काढायचा, आर्किमिडीजच्या मळसूत्रानं, असं अथेनियसच्या ग्रंथात नोंदलेलं आहे. लोक हे आर्किमिडीजच्या हुशारीसाठी सांगतात. मी त्या एका माणसासाठी सांगतो. तो रोज दांडा फिरवत होता, त्याला हाताला कळत असणार की आज पाणी जास्त आहे! पुढे शिडाच्या युद्धनौकांवर सुतार ठरल्या वेळी सळई तळापर्यंत सोडायचा आणि ओल्या भागावरून किती इंच पाणी आहे ते अधिकाऱ्याला कळवायचा. पंप होतेच की त्यांच्याकडे, चांगले साखळीचे पंप होते. तरी सळई सोडायचे. कारण पंप चालतोय ही एक बातमी आणि पाणी वाढतंय ही दुसरी. ती सळई आपण फेकून दिली आणि तिच्या जागी काहीच… हो, हो, अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. स्विचवर येतो.

स्विचच्या जाती चार. फ्लोटचा : पाण्याबरोबर हात उचलतो. जुन्यांच्या पोटात पाऱ्याचा थेंब असायचा. २०१३ च्या मिनामाता करारानं २०२० नंतर असले स्विच बनवणं बंद करायचं ठरवलं, तेव्हा कुणी जुना माल गळ्यात मारला तर घेऊ नका. नव्यांत गोळी नाही तर चुंबक असतो. दुसरा इलेक्ट्रॉनिक. हलणारा भाग नाही, दिसायला देखणा. पण डिझेल-ऑइलचा थर त्याच्या तोंडावर बसला की पाणी नसताना चालतो किंवा पाणी असून गप्प बसतो. तिसरा हवेच्या दाबाचा, तळात उलटी वाटी आणि नळीनं जोडलेला स्विच वर कोरड्यात. नळीला चीर नसेल तोवर उत्तम. चौथ्यात पंपच ठरावीक वेळानं जरासा फिरून बघतो, पाण्याचा भार लागला तर चालू राहतो. आपल्या मासेमारीच्या बोटीला मी फ्लोटचा सांगेन, पण पिंजऱ्यातला. उघड्या फ्लोटखाली बांगड्याची खवलं आणि जाळ्याचा नायलॉनचा तुकडा जाऊन बसतो, मग हात वरच अडकतो आणि पंप कोरडा फिरून जळतो.

जोडणी. स्विच पंपाच्या शेजारी, पंपाच्या तळापेक्षा किंचित वर, बोटीच्या लांबीला समांतर, बिजागरी नाळेकडे. आडवा लावलात तर बोट डुलली की पंप सुरू. तळाला थेट स्क्रू मारू नका, मारणारे आहेत म्हणून सांगतो! लाकडाचा ठोकळा इपॉक्सीनं चिकटवा आणि त्यात स्क्रू घ्या. वायर बॅटरीच्या धन टोकाकडून फ्यूजला, फ्यूजमधून स्विचला, स्विचमधून पंपाला. मेन स्विचमधून नव्हे, कारण तांडेल उतरताना मेन बंद करतो, आणि करायलाच पाहिजे. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत. पंपावर जेवढा लिहिलाय तेवढाच. पात्यात दोरा अडकून मोटर थांबली की करंट वाढतो. तेव्हा फ्यूज गेला नाही तर वायर पेटते. सांधा काळ्या टेपचा नको. बिल्जमधला टेप दोन महिन्यांत सुटतो आणि आत तांब्याचं हिरवं पीठ होतं. कथिलाचा मुलामा दिलेली वायर, गरम केल्यावर आवळणारी आणि आतून गोंद सुटणारी नळी, आणि सांधा पाण्याच्या वर बांधलेला.

आणखी एक. पंप थांबला की नळीतलं पाणी मागे येतं. एक इंची, चार मीटर नळीत दोन लीटर मावतं. ते परत खाली आलं की फ्लोट वर, पंप चालू, पुन्हा परत. रात्रभर हाच खेळ. लोक मध्ये उलटं न येऊ देणारा वॉल्व टाकतात. तो खवल्यांनी तुंबतो. नळी आखूड आणि आतून गुळगुळीत ठेवा.

(चिठ्ठी आली) पाच मिनिटं. मग तेलाचं एका वाक्यात : स्वयंचलित पंपाला पाणी कुठलं आणि ऑइल कुठलं ते कळत नाही, तो बंदरात सगळंच ओततो, तेव्हा इंजिनखाली वेगळा ट्रे ठेवा. मोठ्या जहाजांना दहा लाख भागांत तेलाचे १५ भाग एवढीच मुभा आहे, आपण तर थेट ओततो. आणि जोडणीतलं एक राहिलं, पॅनेलवर तीन टप्प्यांचं बटण : आपोआप, बंद, हातानं.

कुणीतरी म्हणालं, घंटा विकायचा धंदा दिसतो. नाही हो! बझर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, माझं दुकान नाही. पहिल्या फ्लोटच्या वर चार बोटं दुसरा फ्लोट लावा, त्याची वायर वेगळी, फ्यूज वेगळा, आणि बझर बाहेर, जिथे शेजारच्या बोटीवर ऐकू जाईल. जमलं तर पंप किती वेळा चालला ते मोजणारा छोटा काउंटर. आकडा रोज बघायचा. काल सहा आणि आज वीस, तर ग्लँड उघडायचा.

प्रश्नांना वेळ उरला नाही. बाहेर टेबलावर चारही स्विच ठेवलेत, हाताळा, खिशात घालू नका. (हशा) १ जूनला मासेमारीबंदी लागेल, बोटी वर येतील, वायरमन मोकळे असतील. त्या दोन महिन्यांत हे काम करून घ्या. आणि झाल्यावर फ्लोट बोटानं उचलून ‘चालतोय’ म्हणू नका. तळात बादल्या ओता, पंप लागला पाहिजे, आणखी ओता, घंटा वाजली पाहिजे. घंटा वाजेपर्यंत वायरमनचे पैसे देऊ नका.