बोबडे बोल आणि घरची बोली
(जासई येथील प्राथमिक शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पहिलीच्या वर्गात एखादे मूल 'काका' या शब्दाऐवजी 'ताता' म्हणते, 'गाय' या शब्दाऐवजी 'दाय' म्हणते. वर्ग हसतो. दोन-चार वेळा असे घडले की ते मूल प्रकट वाचनास उभे राहावयास कचरते. पुढे शंका विचारावयाचेही सोडून देते. आणि अखेरीस ते 'मंद' गणले जाते. वास्तविक अशा पुष्कळ मुलांची बुद्धी इतरांच्या तोडीची असते. उणीव उच्चाराची, परंतु तिची शिक्षा मात्र त्याच्या साऱ्या शिक्षणास भोगावी लागते.

याच्या उलट अन्यायही शाळेत घडतो. पनवेल-उरण मार्गावरील जासई हे आगरी वस्तीचे गाव. येथील घरांतून 'पाणी' हा शब्द 'पानी' असा, 'डोळा' हा 'डोला' असा आणि 'गाडी' हा 'गारी' असा ऐकू येतो. हा जिभेचा दोष नव्हे. ही बोलीची रीत आहे. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात कोकणातील बोलींची नोंद स्वतंत्रपणे घेतलेली आहे. दि. बा. पाटील यांच्यासारखा लोकसभेपर्यंत पोहोचलेला लोकनेता याच गावचा. तेव्हा 'पानी' म्हणणाऱ्या मुलास कोणी बोबडे म्हणू नये. 'पाणी' हे रूप त्याने वाचनलेखनातून अवश्य शिकावे, पण घरच्या रूपाची लाज वाटून नव्हे.

१९८९ साली न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाले, तेव्हापासून या परिसरात परप्रांतीय कुटुंबेही आली. हिंदी बोलणाऱ्याच्या भाषेत 'ळ' नाही. भोजपुरी बोलणारा 'श'च्या जागी 'स' म्हणतो. त्यांच्या मुलांसही हाच न्याय लागू आहे. म्हणून शिक्षकाने पहिला प्रश्न हा विचारावा : घरातील मोठी माणसे असेच बोलतात काय? तसे असेल तर ती बोली होय. घरात सारे 'काका' म्हणत असता मूल एकटेच 'ताता' म्हणत असेल, तर मात्र विचार करावयास हवा.

अशा उच्चारांतही एक नियम असतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. भिंतीवरील वर्णमालेच्या तक्त्यात कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य असे वर्ग ओळीने मांडलेले असतात. 'काका'चे 'ताता' करणारे मूल पुष्कळदा 'खिडकी'स 'थिडती' आणि 'गाय'स 'दाय' म्हणते; म्हणजे कंठ्य वर्गाची सबंध ओळच ते दंत्य वर्गात नेते. दुसरे एखादे मूल 'घर'चे 'गर' आणि 'भात'चे 'बात' करते. तिसरे 'पुस्तक' हा शब्द 'पुतक' असा सोपा करून घेते. यांतील अनेकांच्या जिभेत काहीच व्यंग नसते. दोन ध्वनी निराळे राखावयाचे असतात, ही व्यवस्था त्यांच्या मनात पुरती बसलेली नसते.

तीन वर्षांच्या बालकाच्या तोंडी असे बोल स्वाभाविकच होत. २०१८ साली मॅक्लिओड व क्रो या संशोधिकांनी २७ भाषांतील अभ्यास एकत्र तपासले; तेव्हा बहुतेक व्यंजने पाचव्या वर्षापर्यंत साध्य होतात, असे त्यांस आढळले. 'र'सारखे काही ध्वनी आणि जोडाक्षरे यांस अधिक अवधी लागू शकतो. म्हणून सहा वर्षांच्या मुलाचा केवळ 'र' अडत असेल तर काही काळ लक्ष ठेवावे. परंतु 'क' व 'ग' यांची ओळच हरवली असेल, किंवा परक्या माणसास त्याचे बोलणे समजत नसेल, तर थांबू नये.

सर्वप्रथम कानांची तपासणी व्हावी. कान वारंवार वाहणाऱ्या मुलास ध्वनी अस्पष्ट ऐकू येतात, आणि जे नीट ऐकू येत नाही ते नीट बोलताही येत नाही. टाळूही डॉक्टरांनी पाहावी. 'जीभ जड आहे' असे ठरवून जिभेखालचा पडदा कापून घेणे अथवा वेखंड चाटविणे, हे या दोषावरील उपाय नव्हेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून शाळांची तपासणी होते. त्या वेळी अशा मुलाचे नाव शिक्षकाने आपण होऊन सांगावे. मुंबईस नायर रुग्णालयात १९६६ पासून वाचा-उपचाराचे शिक्षण दिले जाते, आणि वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

तज्ज्ञाच्या उपचाराचे मर्म साधे आहे. 'गार' व 'दार', 'काप' व 'ताप' अशा एकाच ध्वनीने वेगळ्या होणाऱ्या शब्दांच्या जोड्या घेतात. मूल आधी ऐकून अचूक चित्र दाखविते. मग स्वतः शब्द उच्चारते आणि ऐकणारा त्याप्रमाणे चित्र उचलतो. 'दार' म्हटल्यास दारच हाती येते, तेव्हा ध्वनी बदलला की अर्थ बदलतो, हे त्यास उमगते. शब्दावरून वाक्यावर आणि वाक्यावरून सहज संभाषणावर, अशी ही चढण आहे.

शिक्षकाने तज्ज्ञाची जागा घ्यावयाची नाही. तरी त्याच्या हाती पुष्कळ आहे. मुलाचे वीसेक शब्द जसेच्या तसे, घरच्या उच्चारासह, वहीत टिपून पालकांबरोबर पाठवावेत. मूल 'माझी ताठी' म्हणाले तर 'हो, तुझी काठी कुठे आहे?' असे सहज बोलावे. वर्गासमोर पुन्हा पुन्हा म्हणावयास लावू नये. नक्कल करणाऱ्यांस वेळीच आवरावे. लेखनात 'क'च्या जागी 'त' आला तर तो आळस समजू नये. आणि त्याचे उत्तर बरोबर असेल, तर उच्चार कसाही असो, गुण पुरे द्यावेत.

उच्चार सुधारावयास काही महिने लागतील, कदाचित अधिकही. तोवर ते मूल बोलत राहिले पाहिजे. गप्प बसलेल्या मुलाचा उच्चार कोणासच सुधारता येत नाही; आणि त्यास बोलते ठेवणे हे काम वर्गातील शिक्षकाखेरीज दुसऱ्या कोणाच्या हातचे नाही.