पुरळ उठण्याआधीचे चार दिवस

गोवराची ओळख मी करून द्यायला नको. ताप, खोकला, लाल डोळे आणि मग कानामागून सुरू होऊन अंगभर पसरणारं पुरळ, हे घराघरातल्या आज्या जाणतात. मला बोलायचंय ते पुरळ उठण्याआधीच्या चार दिवसांबद्दल. पुरळ दिसलं की आपण मूल घरात ठेवतो, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवतो. पण गोवर तोवर पसरून झालेला असतो! चार दिवस आधीपासूनच तो पसरतो. तेव्हा वाटते नुसती सर्दी, आणि मूल अंगणवाडीत असतं, नाहीतर आईच्या कडेवर कल्याण लोकलच्या गर्दीत.

चाळीत कुणी सुके बोंबील भाजले, तर दार लावून वास थांबतो का? जिन्याने वर जातो, खिडकीतून शेजारी शिरतो. जेवणं होऊन ताटं घासली, भाजणारी बाजारात गेली, तरी खोलीत वास आहेच. गोवराचा विषाणूही रुग्ण निघून गेल्यावर दोन तासांपर्यंत हवेत टिकतो. बोंबील निदान नाकाला कळतात, हा कळत नाही. लस न घेतलेली दहा मुलं रुग्णाच्या सहवासात आली, तर नऊ जणांना गोवर होतो.

२०२२च्या अखेरीस गोवंडीत साथ भडकली आणि भिवंडी, मुंब्र्यापर्यंत पोचली. लहान मुलं दगावली. तेव्हा नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यावा लागला.

म्हणून सांगतो, ते चार दिवस ओळखता येत नाहीत, तेव्हा लस आधीच टोचलेली हवी. आणि दोन्ही डोस! पहिला नऊ महिने झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. पहिल्यानंतरही शंभरातली पंधराएक मुलं उघडी राहतात. लसीकरणाचं कार्ड रेशनकार्डाबरोबर पिशवीत जपून ठेवता, पण त्यातली गोवर-रुबेलाची दुसरी चौकट कोरी असते. विचारलं की उत्तर तयार, 'मागच्या वेळी ताप आला होता.' अहो ताई, तो ताप दोन दिवसांत उतरतो. गोवरामागून न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते, त्याचं काय? आज कार्ड काढून बघा. कळव्याचं महापालिका रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, नाहीतर जवळचं आरोग्य केंद्र. लस फुकट मिळते. आशाताईंना विचारा, वार सांगतील.

आणि ताप, लाल डोळे, पुरळ असलेलं मूल दवाखान्यात न्याल, तर दारातच सांगा, गर्दीत बसवू नका. पुरळ उठल्यावरही चार दिवस घरीच ठेवा. डॉक्टर 'अ' जीवनसत्त्वाचा डोस देतात, लागोपाठ दोन दिवस. डोळे वाचतात त्याने. पहिल्या दिवशी बरं वाटलं म्हणून दुसरा चुकवू नका. दूध पाजणाऱ्या आयांनी पाजणं थांबवू नये, एवढं मात्र लक्षात ठेवा.