उसवलेली चुंबळ

जुन्या हुबळीतल्या कबड्डीच्या पोरांना हे नवं नाही. चढाईत हात बाहेर आणि मागे ओढला गेला की खांदा निखळतो. कुणीतरी हिसका देऊन तो बसवतो, दोन दिवस हळदीचा लेप, तिसऱ्या दिवशी गडी मैदानात. पुढे शर्ट घालताना, झोपेत कूस बदलतानाही तो निसटू लागतो आणि मित्र गमतीने मोजतात: हा सातवा, हा आठवा. गंमत कसली त्यात?

घागरीखालची चुंबळ आठवा. दंडाच्या हाडाचा गोळा ही घागर. खांद्याची वाटी म्हणायची, पण ती जवळजवळ सपाट, कट्ट्यासारखी. तिच्या कडेला फिरलेलं कूर्चेचं कडं ही चुंबळ. खांदा पुढे निखळला की चुंबळ पुढून उसवते. ब्लंडेल बँकार्ट या इंग्रज सर्जनने 1923 साली नेमकं तिथेच बोट ठेवलं आणि ती पुन्हा हाडाला शिवली. त्याआधी, पार हिपोक्रॅटिसच्या काळी, यावर काखेत तापल्या सळईचे डाग देत! आज बँकार्टचीच शिवण दुर्बिणीतून, हाडात बारीक खुंट्या ठोकून घालतात.

पण घागर घसरताना कट्ट्याची कडही झिजवते, स्वतःलाही पोचा पाडून घेते. कडच गेली तर शिवलेली चुंबळ टेकणार कशावर? मग फ्रान्सच्या लाटार्जे यांची 1954 ची युक्ती: शेजारच्या चोचीसारख्या हाडाचा तुकडा, त्याला चिकटलेल्या स्नायूंसकट, झिजल्या कडेवर स्क्रूने बसवायचा. उपाय खात्रीचा, पण काम मोठं, आणि महत्त्वाच्या नसा अगदी लगत.

पुन्हा सांगायला हवं: दर खेपेला हाड झिजतं. पोराचा खांदा बसला म्हणजे तो बरा झाला, असं नव्हे.

वेळेत उपचार झाले तर खेळात परतता येतं. क्रिकेटपटू श्रेयस अय्यरचा डावा खांदा 23 मार्च 2021 रोजी पुण्याजवळ गहुंजेला, इंग्लंडविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना सरकला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. आयपीएलचा पहिला टप्पा हुकला. नोव्हेंबरमध्ये कानपूरला पहिल्याच कसोटीत 105 धावा.

विशीच्या आतल्यांना खांदा पुन्हा निखळण्याचा धोका सर्वांत जास्त. फिट येऊन खांदा निखळणाऱ्यांचं प्रकरण निराळं, तिथे आधी फिटचं औषध. विद्यानगरातलं पूर्वीचं किम्स रुग्णालय जुन्या हुबळीहून लांब नाही. जाताना जुने सगळे एक्स-रे सोबत न्या, आणि खांदा कितव्यांदा निखळला ते खरं सांगा.