गुणपत्रिकेत न दिसणारे मूल
(पालक मेळाव्यातील भाषण)



आपल्या अंधेरी-घाटकोपरच्या वस्त्यांत कोणाच्या घरी उर्दू बोलली जाते, कोणाच्या घरी भोजपुरी, तर रत्नागिरी-रायगडकडून आलेल्या घरांत कोकणी बोली. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. मराठी ही या भूमीची भाषा आहे. ती आपण आनंदाने शिकावी, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. प्रश्न एवढाच की, ती शिकताना मुलाच्या मनात काय घडते, हे आपण त्याला कधी विचारतो काय?

मी स्वतः विचारले नव्हते. माझ्या वर्गातील सातवीचा एक मुलगा मराठीच्या तासाला तोंडच उघडत नसे. मी प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला, 'लक्ष नाही.' त्याचे अब्बा येऊन म्हणाले, "सर, घरी तर हा दिवसभर बोलत असतो." तेव्हा शाळा सुटल्यावर मी मुलाला जवळ बसवले आणि मराठीचा तास त्याला कसा वाटतो, ते सांगावयास सांगितले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मी एकदा 'माझी पुस्तक' म्हणालो, तर सगळे हसले. आता मी आधी मनात वाक्य तपासतो. तोवर तुम्ही पुढच्याला विचारता."

उर्दूत किताब स्त्रीलिंगी आहे आणि नपुंसकलिंग तर त्या भाषेत नाहीच. मुलाने घरचा नियम प्रामाणिकपणे नव्या भाषेला लावला होता. मी ज्याला दुर्लक्ष म्हटले, ते वास्तविक अतिलक्ष होते! शिवाय, त्या दिवशी हसणाऱ्यांत मीही होतो. तो शेरा मी खोडला आणि मुलाची क्षमा मागितली.

मित्रहो, अशा ऐकण्याचे एक शास्त्र आहे. इंग्रजीत त्यास 'इंटरप्रिटेटिव्ह फिनॉमिनॉलॉजिकल ॲनालिसिस' असे लांबलचक नाव आहे; आपण 'अनुभवाचा अन्वयार्थ' म्हणू. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जोनाथन स्मिथ यांनी १९९६ साली ही पद्धत मांडली. प्रथम ती रुग्णांचे अनुभव समजून घेण्यासाठी वापरली गेली, पुढे शिक्षणाच्या क्षेत्रातही आली. तिच्या मुळाशी जर्मन तत्त्वज्ञ हुसेर्ल यांचा विचार आहे: आधी अनुभवाकडे पाहा, आपली ठाम मते तूर्त बाजूला ठेवा.

पद्धत अशी. शेकडो मुलांना प्रश्नावली वाटावयाची नाही. थोडीच मुले घ्यावयाची. त्यांची व पालकांची संमती घेऊन मोकळे प्रश्न विचारावयाचे. बोलणे शब्दशः उतरवून पुनःपुन्हा वाचावयाचे, समासात टिपणे करावयाची आणि त्यांतून मुख्य सूत्रे शोधावयाची. एका मुलाचे पूर्ण समजल्यावाचून दुसऱ्याकडे वळावयाचे नाही, तुलना अखेरीस. येथे अर्थ दोनदा लावला जातो: मूल आपल्या अनुभवाचा अर्थ लावते आणि संशोधक त्या अर्थाचा अर्थ लावतो. म्हणून मुलाचे शब्द कोणते आणि आपला तर्क कोणता, हे वेगळे दाखवणे आवश्यक ठरते.

या पद्धतीला मर्यादाही आहे. किती मुले अशी गप्प बसतात, हे ती सांगू शकत नाही; त्यासाठी मोजणीच हवी. परंतु एखादे मूल गप्प का बसते, हे मोजणीने कळत नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याचे गुण माझ्यापाशी होतेच, कारण मात्र त्याच्यापाशी होते.

संविधानाचे ३५० अ हे कलम १९५६ साली आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे ते सांगते. घरच्या भाषेचा हा मान शाळेत राखणे जसे शिक्षकाचे काम, तसे घरी राखणे आपले.

माता-पित्यांनो, आज रात्री मुलाला 'किती गुण?' असे विचारण्याआधी 'वर्गात बोलताना कसे वाटते?' असे विचारा आणि उत्तर पुरे होईपर्यंत थांबा. बी.एड. करणाऱ्या तरुणांनो, आपल्या प्रकल्पासाठी अशी तीन-चार मुले निवडा. आणि विद्यार्थी मित्रांनो, चुकण्याच्या भीतीने गप्प बसू नका. तुमच्या चुकीमागेही एखादा नियम असतो; तो आम्हा शिक्षकांना शिकवा.