गाजर कापा, पण आधी कागदावर

कोयनानगरहून आम्ही बोलतोय, आमच्या बचत गटातल्या आठ-नऊ आया. आज विषय पापड-लोणच्यांचा नाही. मुलगी आठवी-नववीत असेल आणि पुढं तिच्या मनात इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर किंवा डिझाइन असेल, तर आत्तापासून काय करता येतं ते सांगायचंय.

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो. आमच्यातल्या एकीची लेक दहावीला चांगले गुण मिळवून डिप्लोमाला गेली. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली, ती परत जायचंच नाही असं ठरवून. गणितात ती अडली नव्हती. पण तिथं पहिल्याच सत्रात इंजिनिअरिंग ड्रॉइंग होतं, आणि वस्तूची न दिसणारी बाजू तिला डोळ्यांपुढं आणता येईना. "आई, सगळ्यांना दिसतं, मलाच दिसत नाही," म्हणून रडली. तेव्हा आईला आठवलं, सातवीत असताना हिनंच चित्रकलेचा क्लास मागितला होता. आणि आपण म्हटलं होतं, चित्रं काढून पोट भरतं का?

आमच्या कॉलनीत एक काका आहेत, प्रकल्पावर नकाशे काढण्यात त्यांची नोकरी गेली. त्यांनी पोरीला वही उघडायलाच लावली नाही. सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि गाजर हातात दिलं. म्हणाले, आडवं कापलं तर तोंड कसं दिसेल? गोल. तिरकं कापलं तर? लांबट गोल. टोकापर्यंत मधोमध उभं कापलं तर? लांबुडका त्रिकोण. आधी कागदावर काढायचं, मग सुरी लावायची, मग ताडून बघायचं. दुसऱ्या दिवशी कप घेतला. समोरून कसा दिसतो ते वर काढायचं, वरून कसा दिसतो ते बरोबर त्याच्याखाली. कान कुठल्या चित्रात दिसतो आणि कुठल्यात लपतो? आपण रोज कांदा चिरतो, भोपळा फोडतो, पण हा सगळा छेद-नकाशाच आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं!

नंतर काकांनी सगळ्यांना धरणाच्या छेदाचा नकाशा काढून दाखवला. 11 डिसेंबर 1967 चा पहाटेचा भूकंप आमच्या सासवांच्या तोंडून आम्ही ऐकलाय. 103 मीटर उंचीचं धरण उभं राहिलं, पण भिंतीला तडे गेले. ते मुख्यतः कुठं? खालच्या अंगाला भिंतीचा उतार जिथं एकदम बदलतो, त्या उंचीवर. आकार असा अचानक मोडला की ताण तिथं गोळा होतो. म्हणून पुढं त्या बाजूनं काँक्रीटचे आधार बांधून भिंत बळकट केली. कागदावरच्या एका रेघेचा कोन किती महत्त्वाचा, हे पोरींना त्या दिवशी जेवढं कळलं तेवढं पुस्तकातून कळलं नसतं.

आता परीक्षांचं. आपल्याकडं कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा असतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. फॉर्म शाळेतूनच भरायचा असतो, म्हणून जून उजाडला की चित्रकलेच्या सरांना किंवा बाईंना विचारा. शाळा आठवण करील म्हणून बसू नका, आमच्यातल्या एकीचं वर्ष तसंच गेलं. स्मरणचित्र, संकल्पचित्र यांच्याबरोबर भूमिती आणि अक्षरलेखनही त्यात असतं. बहुतेक मुलं भूमिती शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. आम्ही म्हणू, तिथूनच सुरुवात करा. पुढं तंत्रशिक्षणात तीच कामाला येते. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला जादा गुणही मिळतात, पण नुसत्या गुणांसाठी बसवू नका.

दहावीनंतरचा डिप्लोमा तीन वर्षांचा. कराडला शासकीय तंत्रनिकेतन आहे. डिप्लोमा झाला की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आर्किटेक्चरला मात्र बारावीला गणित लागतं आणि 'नाटा' ही परीक्षा द्यावी लागते. डिझाइनला आयआयटीची 'यूसीड' आणि एनआयडीची वेगळी परीक्षा. या दोन्हींत चित्र काढायला लावतात, पण चित्र सुंदर आहे का एवढंच बघत नाहीत. डोक्यातली कल्पना कागदावर कळते का, ते बघतात. त्यासाठी रोज अर्धा तास वही लागते. महागडे रंग लागत नाहीत. भूमितीला 2एच, चित्राला एचबी आणि 2बी, एक कंपासपेटी, दोन गुण्या. आणि कागदांना प्लॅस्टिकची पिशवी. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे, एका पोरीच्या सगळ्या शीट जुलैत भिंतीला लावलेल्या जागीच बुरसल्या.

ती लेक दिवाळीनंतर परत गेली. ड्रॉइंगचा पेपर पहिल्या खेपेला राहिलाच, दुसऱ्या खेपेला सुटला. आता सुट्टीला आली की कॉलनीतल्या धाकट्या मुलींना तीच शिकवते. आमचा वर्ग रविवारी सकाळी दहाला असतो. येताना पोरीबरोबर वही, टोकदार पेन्सिल आणि एक गाजर पाठवा. सुरी आमच्याकडं आहे.